आईला कोणी विचारले होते का?

प्रश्न : माझी ७८ वर्षांची आई वर्षभरापासून पश्चिम उपनगरातील एका वृद्धाश्रमात राहते. जागा स्वच्छ आहे, जेवण आणि औषधे वेळेवर मिळतात. गिरगावच्या चाळीत हळदीकुंकवापासून पाण्याच्या तक्रारीपर्यंत सगळीकडे पुढे असणारी आई आता मात्र 'ते म्हणतील तसं' एवढेच बोलते. मागच्या महिन्यात तिची खोली बदलण्याविषयी व्यवस्थापकांचा मला फोन आला, तेव्हा आम्ही भावंडांनी होकार कळवला. तिचे मन कशाने रमेल?
– एक वाचक, दादर

उत्तर : खोली आईची, फोन आपल्याला आणि होकार भावंडांचा, खुद्द आईला कोणी काही विचारल्याचा उल्लेख आपल्या पत्रात कुठेच नाही. हे आपण मायेपोटीच केले, याविषयी मला शंका नाही. पण उभा संसार चालवलेल्या बाईला आपल्या खाटेची जागाही दुसऱ्यांनी ठरवलेली कळते, तेव्हा ती बोलणे सोडून देते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला एका वृद्धनिवासातील प्रयोग मला इथे आठवतो. एका गटाला खोलीची मांडणी आणि चित्रपट पाहण्याचा दिवस स्वतः ठरवायला सांगून एक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या गटालाही रोप मिळाले, पण त्याला पाणी परिचारिका घालत. तीनच आठवड्यांत पहिल्या गटातील माणसे अधिक उत्साही आणि तरतरीत दिसू लागली.

आंघोळ सकाळी की दुपारी, रात्री भाकरी की भात, दूरदर्शन संच किती वाजता बंद करायचा, असे प्रश्न रहिवाशांपुढे ठेवणारी मासिक बैठक आश्रमात होते का, याची चौकशी करा. होत नसल्यास ती सुरू करण्याची विनंती आईसह करा. स्वयंपाकघरात मेथीची जुडी आली की ती निवडायला आईला बोलवावे, असेही सुचवा. पाने खुडता खुडता 'आज डाळ घालून करा' असे ती म्हणाली आणि संध्याकाळी तशीच भाजी ताटात आली, तर त्या भाजीत तिचा शब्द असेल. (स्मरणशक्ती कमी झालेल्यांनाही दोन साड्या समोर धरून 'यातली कोणती?' असे विचारता येते.) आश्रम दादच देत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सल्ला मिळू शकेल.

त्याआधी येत्या रविवारी नवी खोली तिला आवडली का, हे विचारा, आणि 'नाही' म्हणाली तर व्यवस्थापकांशी तिला बोलू द्या. आपण शेजारी बसा.