पर्यावरणावरील पोस्टमुळे लोकांच्या सवयी खरोखर बदलतात का?

आपण एका संस्थेची सोशल मीडिया खाती सांभाळता, पर्यावरणावरील पोस्टना लाइक भरपूर मिळतात, परंतु शहरात फरक काहीच दिसत नाही. तेव्हा या कामाला काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्ये जनसंपर्काचे काम करतो आणि आमच्या व्यवसायातील मंडळी एकत्र जमली की हा वाद हमखास निघतो. माझे मत असे, की माणसाला सवय लागते ती सोयीमुळे आणि शेजाऱ्याचे पाहून. पोस्टचे काम या दोन्हींची वार्ता वेळेवर पोचवण्याचे आहे.

एखाद्या गोष्टीला विरोध करण्यासाठी माणसे जमवणे सोशल मीडियाला चांगले जमते. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककरांचा विरोध किती झपाट्याने उभा राहिला, हे सर्वांनी पाहिले. मात्र विरोधासाठी एक दिवस बाहेर पडणे आणि ओला कचरा रोज वेगळा ठेवणे, या दोन गोष्टींना लागणारी चिकाटी निराळी असते. पहिलीत मिळालेल्या यशावरून दुसरीचे आडाखे बांधले, की आपल्यासारखी निराशा पदरी येते.

गणेशोत्सवाचेच उदाहरण घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते साध्या पाण्यात सहजी विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय पुढे आणला. बिस्किटांच्या धंद्यातही वापरली जाणारी ही पावडर पाण्यात मिसळून त्यात मूर्ती ठेवली, की तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर खत म्हणून वापरता येणारे अमोनियम सल्फेटचे पाणी राहते. नाशिक महापालिकेनेही ही पावडर मोफत वाटली आहे. आता या विषयावर ‘गोदामाई वाचवा’ अशी सुंदर पोस्ट करता येते आणि तिला लाइकही मिळतात. परंतु सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसर्जनाच्या आदल्या दिवशी जो मजकूर उपयोगी पडतो, तो अगदी रुक्ष असतो: पावडर कोठे मिळेल, मूर्तीच्या मानाने किती घ्यायची, पाणी अधूनमधून ढवळावे लागते, विरघळण्यास साधारण दोन दिवस लागतात, आणि वास उग्र असल्यामुळे बादली घरात न ठेवता गॅलरीत ठेवावी. वासाचे आधी सांगितले नाही, तर पहिल्याच तासाला घरातून तक्रार येते आणि पुढच्या वर्षी ते कुटुंब विसर्जनासाठी पुन्हा गोदावरीवर जाते. असा मजकूर लिहिण्यात मिरवण्यासारखे काही नाही, हे मान्य. आमच्यातील अनेकांना तो म्हणूनच आवडत नाही.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. ‘सगळेच नदी घाण करतात’ असे हळहळत लिहिण्याची आपल्याला खोड आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी अनेकांनी लाकूड उचलून नेले’ असे सांगणाऱ्या पाटीजवळ खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे आठ टक्के चोरीस गेले, तर ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढेच सांगणाऱ्या पाटीजवळ दोन टक्क्यांहूनही कमी. पुढे २००८ मध्ये त्यांच्याच गटाने हॉटेलातील पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरण्याबाबत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पर्यावरणाची दुहाई देणाऱ्या कार्डापेक्षा ‘याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला’ असे सांगणारे कार्ड अधिक परिणामकारक ठरले. म्हणून रामकुंडावर तरंगणाऱ्या निर्माल्याचा फोटो टाकण्याआधी थांबावे. त्यातून ‘येथे असेच चालते’ असा निरोप जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी आपल्या गल्लीतील किती घरांनी निर्माल्य कलशात टाकले, ते खरे असेल तर जरूर लिहावे. आकडा लहान असला तरी फुगवू नये, कारण शेजाऱ्यांना वस्तुस्थिती ठाऊक असतेच.

अर्थात, जेथे सोयच नाही तेथे शब्द निष्फळ ठरतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच कचरा वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. पण वेगळा केलेला कचरा घंटागाडीत पुन्हा एकत्र होताना एकदा दिसला, की त्यानंतरची कोणतीही पोस्ट कोणी मनावर घेत नाही. अशा वेळी पोस्ट थांबवून आधी गाडीचा प्रश्न संबंधितांकडे न्यावा, असे संस्थेला स्पष्ट सांगणे हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

कामाचा हिशेब लाइकवर ठेवू नका. पावडर घ्यायला किती जण आले, कलशात किती जमले, ग्रुपवर ‘कोठे मिळेल?’ असे किती जणांनी विचारले, हे मोजा. आणि संस्थेने किंवा एखाद्या प्रायोजकाने ‘इकोफ्रेंडली’ हा शब्द घालण्याचा आग्रह धरला, तर पुरावा मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून, असे मोघम शब्द वापरायचे तर त्यांना आधार द्यावा लागतो. आधार नसेल, तर उदाहरणार्थ, पिशवी कापडाची आहे आणि धुऊन पुन्हा वापरता येते, एवढेच लिहावे.