सांगलीत सरकारी ऑफिसात प्रशिक्षणार्थी म्हणून लागलीस ना? मग ऐक

पहिले काही दिवस धड खुर्चीही मिळणार नाही. "साहेब मिटिंगला गेलेत" एवढंच कानावर पडेल. चिडू नकोस, आवक-जावकच्या टेबलाजवळ बस. कुठलं पत्र कुणाकडे मार्क होतं, टिपणी कुठं अडते, सगळं तिथंच कळतं. युनिकोडमध्ये मराठी टायपिंग येत असेल तर भाऊसाहेब आपणहून हाक मारतील. (मग सुटका नाही, हेही आहेच.)

हजेरीत मात्र हयगय नको. 2024 साली सुरू झालेल्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन आहे, पण ऑफिसनं हजेरी ऑनलाइन भरली तरच. महिनाअखेरीस आस्थापनेच्या क्लार्कना चहाच्या वेळी गाठ. खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही बघ.

आणि लोकसेवा हक्क कायद्याचा फलक नीट वाच: कुठली सेवा किती दिवसांत, जबाबदार अधिकारी कोण. जतहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या आजोबांना "उद्या या" म्हणण्यापेक्षा कमी पडलेला कागद चिठ्ठीवर लिहून दे. काम झालं की ते साहेबांना नाही, तुला शोधत येतील, डाळिंबाची पिशवी घेऊन. पिशवी तेवढी परत कर.