बंद घराची राखण : कॅमेऱ्याआधी दार

गावच्या बंद घराच्या राखणीसाठी चार कॅमेऱ्यांचा संच घ्यायचे जवळजवळ ठरवल्याचे आपण कळवले आहे. तरीही आधी मागच्या दाराची कडी आणि चौकट तपासून घ्यावी, कारण कॅमेरा चोराला टिपतो, अडवत नाही. त्यानंतर दारे-खिडक्यांना चुंबकीय सेन्सर लावावेत. त्याचा एक भाग चौकटीवर आणि चुंबकाचा भाग कवाडावर असतो. दोन्ही एकमेकांपासून दूर झाले की भोंगा वाजतो.

कॅमेरे शक्यतो तारेचेच घ्यावेत. साठवणीचा हिशेब मात्र विक्रेत्यावर न सोडता स्वतः करावा : सेकंदाला २ मेगाबिट या दराने अखंड चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा व्यापतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबीची हार्ड डिस्क जेमतेम अकरा दिवस पुरते, आणि गावच्या घरी महिन्यातून एकदा जाणाऱ्याला ती अपुरीच पडते. ही डिस्क ज्यात असते तो रेकॉर्डर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, टीव्हीशेजारी मांडून ठेवू नये, चोर जाताना तोच उचलतो. तो हवा खेळणाऱ्या कुलूपबंद कपाटात ठेवावा आणि राउटरसह इन्व्हर्टरवर जोडावा. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

एक बारकावा कोणी सांगत नाही. रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त (अंधारात चित्रणासाठीच्या, इन्फ्रारेड) दिव्यांभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो, आणि भिंगासमोर हललेले जाळे पांढरेफेक चमकून मोबाइलवर रात्रभर सूचना पाठवत राहते. माझ्या अंगणातल्या कॅमेऱ्यावरून मी दर पंधरवड्याला केरसुणी फिरवतो.