'क्षणिक' आधी खोडा, मग 'फेज'कडे वळू

प्रश्न असा आहे: लेझरच्या अतिशय लहान स्पंदाने घन पदार्थाची 'फेज' (तोच पदार्थ ज्या स्थितीत असतो ती, परिभाषेत 'प्रावस्था') बदलते, त्यावर मराठीत लिहायचे आहे, या घटनेला 'प्रकाशजन्य क्षणिक प्रावस्था-संक्रमण' म्हटले तर चालेल का?

'क्षणिक' आधी खोडा. 'क्षणिक उत्तर मिळेल', 'क्षणिक नोंदणी' असली वाक्ये ऐकून कान किटले आहेत. क्षणिक म्हणजे क्षणभर टिकणारे: क्षणिक मोह, क्षणिक राग. क्षणात घडते ते क्षणिक नव्हे. इथे तर हा फरक जिवावर बेततो. २०१४ साली स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाच्या संशोधकांनी टँटलम डायसल्फाइडच्या खूप थंड केलेल्या स्फटिकावर ३५ फेमटोसेकंदांचा एकच स्पंद टाकला (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग). स्फटिकाचा विद्युतरोध एकदम कोसळला आणि तसाच राहिला; तापवून किंवा पुन्हा लेझर टाकून पुसेपर्यंत तो मूळपदावर आला नाही. बदल झटक्यात झाला आणि टिकला. त्याला क्षणिक म्हणणे म्हणजे शोधाचे सारच उलटे सांगणे आहे.

शिवाय 'क्षण' किती मोठा, हे अमरकोशाला विचारा. अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची कला, तीस कलांचा क्षण, बारा क्षणांचा मुहूर्त. मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे क्षण चांगला चार मिनिटांचा झाला! आणि ३५ फेमटोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम १० मायक्रोमीटर जातो, केसाची जाडीही त्याला ओलांडता येत नाही. साधे 'अतिजलद' लिहा.

'जन्य'च्या जागी 'प्रेरित' करा, प्रकाश इथे ढकलतो. 'संक्रमण' शब्द चांगला आहे, पण हिंदीच्या प्रभावाने लोक तो आता 'संसर्ग' या अर्थी वाचू लागले आहेत. असो.

आता 'फेज'. हा शब्द ग्रीक 'फासिस'वरून आला. 'फासिस' म्हणजे दिसणे, प्रकट होणे. त्यामागचे क्रियापद 'फाइनेइन', म्हणजे उजेडात आणणे, दाखवणे. त्याच्या मुळाशी ग्रीक-संस्कृतच्या सामाईक पूर्वज भाषेतला जो आद्य धातू आहे, त्याचे संस्कृत रूप 'भा': भाति, प्रभा, आभा, भानु, भास. आणि 'फोटो'तला 'फोस', म्हणजे प्रकाश, तोही याच घरातला. म्हणजे 'फोटो' आणि 'फेज' सख्ख्या बहिणी! प्रकाशाने फेज बदलते असे म्हणताना एकच धातू दोनदा उच्चारला जातो, आणि तोच धातू आपण 'मला असे भासले' म्हणताना रोज वापरतो. यावर लगेच 'बघा, सगळे आमच्या संस्कृतातूनच निघाले' असे सांगणाऱ्यांना माझे ठाम उत्तर आहे: नाही. 'भा' ही 'फोस'ची बहीण आहे, आई नाही. नाते खरे आहे तेवढेच सांगावे, ते तेवढ्यानेही पुरेसे सुंदर आहे.

'फेज' आधी चंद्राची होती. चंद्र तोच, दिसणे वेगळे. अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्ज यांनी १८७० च्या दशकात हा शब्द पदार्थांना लावला: द्रव्य तेच, रूप वेगळे. आपल्या परिभाषाकारांनी मात्र 'अवस्था'ला 'प्र' जोडून 'प्रावस्था' घडवली. त्यांची अडचण मला मान्य आहे. व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंश सेल्सिअसच्या खाली विद्युतरोधक असते आणि वर धातूसारखे वागते, पण दोन्हीकडे ते घनच असते. तेव्हा घन-द्रव-वायूवाली 'अवस्था' इथे पुरत नाही. पण हा फरक एकट्या 'प्र'ने कुणाला कळला? 'अवस्था'त 'स्था' आहे, उभे राहणे आहे. दिसणे कुठेच नाही. उजेड नेमका गाळला गेला.

मी तिथे 'रूप' ठेवले असते. न्यायशास्त्रात रूप हा केवळ डोळ्यांनी कळणारा गुण आहे, म्हणजे तंतोतंत 'फासिस'. 'रूपांतर' इतरत्र खर्ची पडले आहे हे ठाऊक आहे, म्हणून 'रूपपालट' घ्या. कोशनिष्ठ मंडळी म्हणतील की शब्द घरगुती आहे. असू दे, तो नेमका आहे. हेच व्हॅनेडियम डायऑक्साइड पाहा. थंड असताना त्यात व्हॅनेडियमचे अणू जोडीजोडीने बसलेले असतात आणि अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश पार जातो. लेझरचा स्पंद पडला की फेमटोसेकंदांच्या हिशेबात जोड्या मोडतात, आणि आधी पार जाणारा प्रकाश परतू लागतो. पाठोपाठ दुसरा, दुबळा स्पंद सोडून त्याचे परावर्तन मोजतात, त्यावरूनच बदल कळतो. प्रकाशाने घडवलेला पालट प्रकाशानेच वाचायचा. रूप पालटले, हे इथे अक्षरशः खरे आहे.

आणि 'फेमटो' म्हणजे लॅटिन 'सूक्ष्म', असे कृपा करून लिहू नका. हा उपसर्ग १९६४ साली डॅनिश-नॉर्वेजियन 'फेमतेन'वरून घेतला. फेमतेन म्हणजे पंधरा, कारण सेकंदाचे भाग पाडताना एकावर पंधरा शून्ये. जर्मानिक भाषांत जुन्या 'प'चा 'फ' होतो, पितृ-फादर, पाद-फूट, तसेच हे. 'फेमतेन'चे संस्कृत भावंड 'पंचदश', आणि पंचदश प्राकृतात झिजत झिजत आपल्याकडे 'पंधरा' झाला. २०२३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमुळे सर्वांच्या तोंडी आलेला, 'आटोसेकंदा'तला 'आटो' हा 'आतेन'वरून, म्हणजे अष्टादश, अठरा.