ऐनवेळी आवाजच फुटला नाही तर?

'प्रसंग आला तर माझ्या तोंडून आवाजच निघणार नाही' ही भीती समुपदेशक म्हणून माझ्याकडे अनेक जण घेऊन येतात. रात्रपाळी करणारी नर्स येते, एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ येतात, उशिरापर्यंत क्लासला जाणाऱ्या मुलीची आई येते. त्यांच्याशी बोलताना मी जे काही सुचवते, त्यात एक वस्तू इतकी साधी असते की ऐकणाऱ्याला आधी ती थट्टा वाटते. ती वस्तू म्हणजे शिट्टी. ती रोज जवळ असावी असं मी का सांगते, ते एका क्लायंटच्या अनुभवातून मांडते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पस्तिशीची, नोकरी करणारी, आईसोबत राहणारी. एका रात्री कामावरून परतताना इमारतीच्या जिन्यात एक अनोळखी माणूस तिच्या मागोमाग चढू लागला. ती थांबली की तो थांबायचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने तिच्या पर्सचा पट्टा धरला. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून काहीच आलं नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं आणि तो माणूस खाली पळाला. सगळा प्रकार मिनिटभराचाही नसेल.

माझ्याकडे ती आली तेव्हा त्या माणसाबद्दल फारसं बोललीच नाही. ती बोलत होती स्वतःच्या घशाबद्दल. "मॅडम, मी ओरडले का नाही? एरवी मी ऑफिसात कुणाचं ऐकून घेत नाही. मग तिथे माझं काय झालं?" घरी भावाने, मैत्रिणींनी, सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला होता. काळजीपोटीच विचारला असणार. पण त्या प्रश्नाने तिला त्या माणसापेक्षा जास्त जखमी केलं होतं. तिने उशिराची पाळी सोडली होती, जिन्यात शिरण्याआधी आईला फोन करून दारात उभं राहायला सांगत होती, आणि मनात स्वतःला भित्री ठरवून मोकळी झाली होती.

हे मी कळकळीने सांगते: कुणी असा प्रसंग सांगितला तर 'मग तू ओरडली का नाहीस' हे विचारू नका. भीतीच्या क्षणी शरीर पळतं किंवा प्रतिकार करतं, एवढंच आपण ऐकलेलं असतं. तिसरीही एक प्रतिक्रिया असते, गोठण्याची. तिची सर्वांत तीव्र अवस्था म्हणजे टॉनिक इमोबिलिटी. त्यात माणूस शुद्धीवर असतो, समोरचं सगळं त्याला दिसत असतं, पण हातपाय हलत नाहीत आणि आवाज निघत नाही. लैंगिक हल्ल्यातून गेलेल्या अनेक जणींनी नेमकं हेच सांगितलेलं आहे. तो निर्णय नसतो. विचार करणारा मेंदू जागेवर येण्याआधीच मेंदूच्या जुन्या, खोल भागांनी शरीराचा ताबा घेतलेला असतो. त्यात भित्रेपणाचा प्रश्नच येत नाही.

आवाज का फुटत नाही, यालाही शरीराचं कारण आहे. ओरडण्यासाठी स्वरयंत्राच्या नाजूक स्नायूंनी एकमेकांशी जुळवून काम करावं लागतं, स्वरतंतू नेमके जवळ यावे लागतात, त्यांच्याखाली हवेचा पुरेसा दाब लागतो. घाबरल्यावर घसा आवळतो, श्वास वरवर होतो, तोंड कोरडं पडतं. एवढ्या साखळीतली एक कडी सुटली तरी ओरडणं घशातच राहतं.

हे ऐकल्यावर ती बराच वेळ रडली. आमच्या पहिल्या काही भेटी या एकाच गोष्टीवर गेल्या, आणि त्या तशा जायलाच हव्या होत्या. आधी स्वतःला दिलेली शिक्षा मागे घ्यायची, मग पुढचं. शिट्टीचा विषय काढायची घाई मला नव्हती. तो तिच्याच प्रश्नातून निघाला: "कळलं, माझी चूक नव्हती. पण उद्या पुन्हा तसं झालं, तर आवाज पुन्हा दगा देईलच ना?"

शिट्टीला स्वरयंत्र लागत नाही, फक्त श्वास लागतो. ओठांत धरायची आणि हवा सोडायची. घसा आवळलेला असला, आवाज बसलेला असला, तरी ती वाजते. माणसाच्या कानाला साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यातले आवाज सर्वांत चांगले ऐकू येतात, आणि शिट्ट्यांचा तीक्ष्ण स्वर बहुधा त्याच पट्ट्यात बसतो. म्हणून रहदारीच्या घरघरीतून, वाऱ्यातून, बंद दारापलीकडूनही ती वेगळी ओळखू येते. ओरडून ओरडून घसा काही वेळात बसतो, शिट्टी श्वास आहे तोवर चालते. फोनचं तसं नाही. थरथरत्या बोटांनी तो उघडावा लागतो, चार्ज असावा लागतो, नेटवर्क मिळावं लागतं. फोन ठेवाच, पण फोन दूरच्या माणसाला बोलावतो. पलीकडच्या दारातल्या माणसाला हाक मारायचं काम शिट्टीचं.

लंडनच्या पोलिसांनी १८८० च्या दशकात लाकडी खुळखुळे सोडून शिट्ट्या घेतल्या, त्यामागे हेच कारण होतं: आवाज लांबवर जायला हवा होता. जहाजांवरच्या लाइफ जॅकेटला आजही शिट्टी बांधलेली असते. भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांनाही हेच सांगितलं जातं: पाइपवर किंवा भिंतीवर ठोका, शिट्टी असेल तर ती वाजवा, ओरडणं अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवा, कारण ओरडताना धूळ छातीत जाते आणि शक्ती संपते.

तिला हे सगळं पटलं. पुढच्या भेटीला ती शिट्टी घेऊन आली. आणि खरी अडचण तिथे दिसली.

मी म्हटलं, "आता वाजवा." तिने शिट्टी ओठांना लावली आणि बंद दाराकडे पाहिलं. "इथे? बाहेर लोक बसलेत." बाहेर सांगून ठेवलंय, असं मी म्हटलं तरी तिने फुंकर मारावी तशी हवा सोडली. सूं असा बारीक आवाज आला आणि विरला. दुसऱ्यांदाही तसंच. तिचे खांदे वर चढले होते, शिट्टी दातांच्या टोकावर अडकली होती, ओठ तिच्याभोवती नीट मिटलेलेच नव्हते. मी तिला आधी आत भरून राहिलेला श्वास पूर्ण सोडायला लावला, मग पोटापर्यंत श्वास घ्यायला, शिट्टी दातांच्या आत धरून ओठ घट्ट मिटायला. आणि कानांत इअरप्लग घालायला, कारण बंद खोलीत चांगली शिट्टी कानाला इजा करू शकेल इतकी मोठी वाजते.

मग ती वाजली. भिंतींवर आपटून परत आली. तिने दचकून शिट्टी तोंडातून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा मी काढला?"

बायकांना, आणि बऱ्याच पुरुषांनाही, लहानपणापासून एक गोष्ट शिकवलेली असते: चारचौघांत गोंधळ घालायचा नाही. संकटाच्या क्षणी शरीर गोठतं ते वेगळं, पण त्याच्या आधीचे काही क्षण असतात. कुणीतरी मागे येतंय असं वाटतं, पण खात्री नसते. त्या क्षणांत आपल्याला अडवते ती ही शिकवण. 'उगाच तमाशा होईल, तो माणूस साधाच असला तर?' माझ्या अनुभवात भीतीपेक्षा हा संकोच जास्त माणसांचा आवाज दाबतो. म्हणून शिट्टी विकत घेऊन पर्समध्ये टाकण्याला मी फारसा अर्थ देत नाही. ती पूर्ण जोराने वाजवून पाहिलेली हवी. मोठा आवाज करायची परवानगी तुम्ही स्वतःला एकदा तरी दिलेली हवी. आणि त्या जिन्यातला माणूस साधाच निघाला, तर 'माफ करा, मी घाबरले' एवढं पुरतं. त्यात कुणाचं काही जात नाही.

पुढचे काही आठवडे आम्ही बारीकसारीक गोष्टींवर काम केलं. तिची शिट्टी पर्सच्या तळाशी, पावत्या आणि चार्जरच्या गुंत्यात असायची. मी तिला डोळे मिटून, एका हाताने ती काढायला सांगितलं. नाही सापडली. मग ती पर्सच्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवली, हात सहज जाईल तिथे. पट्टा कुणी हिसकावला तर शिट्टीही जाईल, म्हणून दुसरी किल्ल्यांच्या जुडग्याला. गळ्यात घालायची असेल तर दोरी ओढताच सुटणारी हवी, कारण घट्ट दोरी दुसऱ्याच्या हातात गेली तर तिनेच गळा आवळता येतो.

शिट्टी कोणती, हेही विचारलं जातं. माझी पसंती आत गोळी नसलेल्या प्लास्टिकच्या शिट्टीला. गोळी ओली झाली, धूळ गेली किंवा फार जोरात फुंकलं की अडकू शकते. १९८४ साली बास्केटबॉलचे कॅनडियन पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी ब्राझीलमधल्या एका सामन्यात अशीच ऐन वेळी अडकली, आणि त्या अनुभवातून त्यांची बिनगोळीची शिट्टी १९८७ च्या सुमारास बाजारात आली. भेदरलेला माणूस मोजूनमापून फुंकत नाही, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

तिने शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवलं: जिन्यातून एकापाठोपाठ तीन लांब शिट्ट्या आल्या तर दार उघडा, दिवा लावा, मोठ्याने विचारा. हे सांगायला तिला शिट्टी वाजवण्याहून जास्त धीर लागला. एरवी शिट्टीला लोक मुलांचा खेळ समजतात. आधी ठरलेलं असेल तर तिला अर्थ येतो. डोंगरात यासाठी खूणच ठरलेली आहे: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा वाजवायची. काही देशांत तीन शिट्ट्या हीच मदतीची हाक मानतात.

शिट्टीने काय होत नाही, तेही तिला स्पष्ट सांगितलं. ती ढाल नाही. कुणी शस्त्र दाखवून पर्स मागितली तर पर्स द्यावी. शिट्टी वाजवत एका जागी उभं राहू नये, उजेडाकडे आणि माणसांकडे चालत सुटावं. शरीर पूर्ण गोठलं तर हात शिट्टीपर्यंतही जाणार नाही, आणि तसं झालं तरी तो तिचा दोष नसेल. हे शेवटचं वाक्य मी तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

मग एक नवीन गोष्ट सुरू झाली, आणि समुपदेशक म्हणून मला तिच्याकडे लक्ष द्यावं लागलं. ती दिवसभर शिट्टी चाचपू लागली. मीटिंगमध्ये, जेवताना, झोपताना. एकदा घरी विसरली म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरली. ज्या वस्तूने जग मोठं करायचं, तिने ते पुन्हा लहान करायला घेतलं होतं. चिंतेच्या उपचारांत अशा गोष्टींना 'सुरक्षा-वर्तन' म्हणतात. त्या क्षणाला धीर मिळतो, पण मनाला हेच शिकवलं जातं की ही वस्तू नसती तर मी वाचले नसते. म्हणून आम्ही ठरवलं, सकाळी पर्स उचलताना शिट्टी जागेवर आहे का ते एकदा बघायचं, नंतर हात लावायचा नाही. विसरली तर परत फिरायचं नाही. पहिल्या आठवड्यात तिला ते फार जड गेलं. हळूहळू शिट्टी छत्रीसारखी झाली, सोबत असलेली पण डोक्यात नसलेली. जिना ती आता आईला फोन न करता चढते. उशिराची पाळी आठवड्यातून दोन दिवस पुन्हा घेतली आहे. बाकीच्या दिवसांवर आमचं काम चालू आहे.

मधल्या काळात तिची आई न्हाणीघरात घसरली. फोन बाहेर होता, टीव्ही चालू होता, हाका मारून उपयोग होईना. लेक घरातच होती, पण तिला बऱ्याच वेळाने कळलं. आता आतल्या नळाशी, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतक्या खाली, एक शिट्टी टांगलेली आहे. आईला जोर लावून फुंकता येत नाही, म्हणून दोघींनी दोन-तीन शिट्ट्या वाजवून बघितल्या आणि कमी श्वासात वाजणारी निवडली. दम्याच्या किंवा वयस्कर माणसासाठी हे बघायलाच हवं. ज्यांना फुंकणं जमतच नाही, त्यांनी बटण दाबून वाजणारा अलार्म घ्यावा.

शिट्टीचा उपयोग हल्ल्यापुरता धरला तर ती भीतीची खूण बनते. पण बंद पडलेली लिफ्ट, गर्दीत हरवलेलं मूल, अंधारात मुरगळलेला पाय, आतून अडकलेलं दार, असे प्रसंग रोजच्या आयुष्यात कितीतरी जास्त येतात. त्यामुळे ती पुरुषाच्या खिशातही असावी, मुलाच्या दप्तरालाही असावी.

पालक मला नेहमी विचारतात, "मुलगी शिट्टी घ्यायला तयार नाही, मैत्रिणी हसतील म्हणते. काय करू?" जबरदस्ती करू नका. तुमची भीती तिच्या गळ्यात बांधली तर ती कोपऱ्यावर जाऊन काढून टाकेल. आधी स्वतःच्या किल्ल्यांना एक लावा. तिला कधी आवाज फुटेनासा झाला होता का, हे शांतपणे विचारा, आणि उत्तर आलं तर मध्ये न बोलता ऐका. मग दोघी मोकळ्या मैदानात जा, आजूबाजूच्यांना सांगा, आणि आधी तुम्ही पूर्ण जोराने वाजवा.