कान टोचल्यावर पू होणे हे एचआयव्ही किंवा काविळीचे पहिले लक्षण असते का?

आपण लिहिले आहे की जत्रेत कानाच्या वरच्या भागात बाळी घालून घेतली, आठवड्याभरात तो भाग सुजून पू येऊ लागला, आणि ‘ही एचआयव्हीची सुरुवात असते’ असे एका मित्राने सांगितल्यापासून आपली झोप उडाली आहे. मी जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. मित्राचे म्हणणे चुकीचे आहे. मात्र आपल्या कानाकडे तातडीने लक्ष द्यायला हवे, आणि त्याचे कारण वेगळे आहे.

टोचलेल्या जागी पू धरतो तो जिवाणूंमुळे, बहुधा त्वचेवरच राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमुळे. एचआयव्ही आणि कावीळ करणारे हिपॅटायटिस बी व हिपॅटायटिस सी हे विषाणू दूषित सुईतून शरीरात गेले तरी त्या जागी पू किंवा सूज निर्माण करत नाहीत; ते रक्तात व यकृतात वाढतात. म्हणून पिकलेल्या कानावरून विषाणूचा अंदाज बांधता येत नाही, आणि हेच उलट बाजूनेही खरे आहे: ज्याचा कान चार दिवसांत स्वच्छ भरून आला, त्यालाही त्याच सुईतून हिपॅटायटिस बी झालेला असू शकतो. खरा प्रश्न सुई नवी, बंद पाकिटातली होती का, हा आहे. केवळ नुसती खाज व पाणी असेल तर ती निकेल या धातूची अ‍ॅलर्जीही असू शकते, पण आपल्याला पू आहे.

आपली बाळी कानाच्या मऊ पाळीत नसून कूर्चेत, म्हणजे वरच्या भागातल्या लवचिक, कडकसर ऊतीत आहे, ही मला अधिक काळजीची बाब वाटते. भिकबाळी किंवा बुगडी घालतात त्या भागातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे शिरलेला संसर्ग सहज आटोक्यात येत नाही. तिथे स्यूडोमोनास हा जिवाणू बऱ्याचदा सापडतो आणि नेहमीची साधी अँटिबायोटिक्स त्याच्यावर चालत नाहीत. उशीर झाला तर कूर्चा विरघळून कानाचा आकार कायमचा बिघडतो. तेव्हा हळद-तेल लावत बसू नका. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि बाळी काढायची की ठेवायची हेही त्यांनाच ठरवू द्या. जखमा वारंवार चिघळत असतील तर रक्तातली साखरही तपासून घ्या, कारण व्यवहारात त्यामागे मधुमेह निघण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटून असे संसर्ग होतात, हे खरे, पण ती लागण होऊन बहुधा काही वर्षे उलटल्यानंतरची अवस्था असते.

एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणे साधारण 2 ते 4 आठवड्यांनी दिसतात: ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मान व काखेतल्या गाठी, अनेकांना तर काहीच जाणवत नाही. हिपॅटायटिस बीची कावीळ दिसायला बहुधा दोन ते पाच महिने जातात. सुईतून पसरण्याच्या बाबतीत हिपॅटायटिस बी एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी सोपा आहे, आणि शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात तो किमान 7 दिवस तग धरतो. लोक घाबरतात ते मात्र एचआयव्हीला.

सुईबद्दल खात्री नसेल तर आता एक तपासणी करून घ्या, एचआयव्हीची पुन्हा 6 आठवड्यांनी व 3 महिन्यांनी करा, आणि हिपॅटायटिस बी व सी यांची 6 महिन्यांनी. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आतच उपयोगी पडतात, त्यामुळे ती वेळ गेली आहे. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली नसेल तर ती आताही सुरू करता येते. सरकारी रुग्णालयातील एकात्मिक सल्ला व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि अहवाल गोपनीय ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. अधिक माहिती हवी असल्यास 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.