मांडवीवर आणखी एक पूल: पैसा कुठून आणावा आणि टोल लावावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पणजीतील वाहतूक कोंडी कमी करण्यासाठी मांडवीवर आणखी एक पूल बांधायचा झाला, तर त्याचा खर्च कसा उभा करावा, आणि जो वापरेल त्यानेच भरावे या न्यायाने टोल लावणे योग्य ठरेल का? आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय येणार असल्याचेही आपण लिहिले आहे. माझी बरीच वर्षे बांधकाम कंत्राटांच्या निविदा आणि बिले तपासण्यात गेली आणि राहायला मी पणजीसमोर, मांडवीच्या उत्तर काठावरच्या पर्वरीला आहे. म्हणून या प्रश्नाकडे मी कागदावरून आणि पुलाच्या तोंडाशी थांबलेल्या गाडीतून, असे दोन्हीकडून पाहिले आहे. माझे मत टोलच्या विरोधात आहे. टोल अन्यायकारक आहे म्हणून नव्हे, तर या ठिकाणी त्यातून पैसाही उभा राहत नाही आणि कोंडीही सुटत नाही म्हणून.

आधी हिशेब पाहू. खालचे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा पुलाचा खर्च 800 कोटी रुपये आला आणि तो आठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ घेतला. वर्षाचा हप्ता साधारण 81 कोटी, म्हणजे दिवसाला 22 लाखांहून थोडा अधिक पडतो. आता टोल देणारी वाहने रोज 30,000 धरली आणि प्रत्येकी 40 रुपये घेतले, तर दिवसाला 12 लाख, वर्षाला जेमतेम 44 कोटी जमतात. हप्त्याचा अर्धा भाग कसाबसा निघतो, आणि त्यात टोलनाका चालवण्याचा खर्च व पुलाची देखभाल अजून धरलेलीच नाही. हप्ता पूर्ण काढायचा तर प्रत्येक गाडीमागे एका फेरीचे 75 रुपये घ्यावे लागतील. पर्वरीहून पणजीला नोकरीला जाणारा मनुष्य रोजचे दीडशे रुपये देईल की शेजारच्या फुकट पुलावरून जाईल, हे सांगायला सल्लागार कंपनीची गरज नाही.

खरी अडचण इथेच आहे. पणजीजवळ मांडवीवर आज तीन पूल आहेत आणि तिन्ही विनाटोल आहेत. चौथ्यावर टोल लावला की गाड्या जुन्या पुलांवरच राहतील. नवा पूल मोकळा राहील आणि ज्या कोंडीसाठी तो बांधला ती होती तिथेच राहील. मग कोणी म्हणेल, चारही पुलांवर टोल लावा. तसे केले तर हा पुलाचा टोल न राहता राजधानीत शिरण्याचा कर होईल, आणि तशी चर्चा करायचीच असेल तर ती त्याच नावाने, उघडपणे व्हायला हवी.

शिवाय सकाळी नऊच्या सुमारास पणजीच्या बाजूला पुलावरून काय उतरते ते पाहावे. कदंब महामंडळाच्या, म्हणजे सरकारी, आणि खासगी बसगाड्या थेट बसस्थानकाच्या चौकाकडे वळायला बघतात, मोटारींची रांग पुलाच्या मध्यापर्यंत गेलेली असते, आणि त्या रांगेच्या दोन्ही अंगांनी दुचाकी सुईत दोरा ओवावा तशा पुढे सरकत असतात. दुचाकीवाल्यांची ही संख्या फार मोठी आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या शुल्क नियमांप्रमाणे दुचाकींना टोल नसतो, आणि राज्याने स्वतःच्या पुलासाठी वेगळा नियम केला तरी दुचाकीवर टोल लावण्याचे धाडस गोव्यातले कोणतेही सरकार करील असे मला वाटत नाही. म्हणजे पूल वापरणाऱ्यांपैकी मोठा गट हिशेबातून आधीच बाहेर. मांडवीवरचा तिसरा पूल म्हणजे अटल सेतू; त्यावर तर दुचाकी आणि तीनचाकींना प्रवेशच नाही; त्यांच्यासाठी आजही जुने पूलच आहेत. नव्या पुलाचा आराखडा आपल्यासमोर येईल तेव्हा दुचाकींना त्यावर जागा आहे का, हे आधी विचारावे.

खासगी कंपनीला टोलच्या बोलीवर पूल बांधायला देण्याचा मार्ग सुचवला जातो, त्याबद्दल दिल्ली आणि नोएडा यांना जोडणाऱ्या यमुनेवरील डीएनडी मार्गाचे उदाहरण प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवण्यासारखे आहे. 2001 मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गाच्या करारात कंपनीला वर्षाला 20 टक्के परताव्याची हमी होती, आणि त्यात जी तूट येईल ती प्रकल्पाच्या खर्चात मिळवली जाई. परिणाम असा की लोक टोल भरत राहिले आणि वसूल व्हायची रक्कम मात्र वाढतच गेली. अखेर अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तिथला टोल बंद केला आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. टोलच्या दराबद्दल सगळेच भांडतात; करारातले परताव्याचे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही.

मग पैसा कुठून आणावा? गोव्यातच दोन नमुने आहेत. जुवारीवरचा नवा आठपदरी पूल राष्ट्रीय महामार्ग 66 वर असल्याने केंद्राच्या पैशातून झाला. जोडरस्त्यांसह तो सुमारे 2,530 कोटींचा प्रकल्प होता. त्याची एक बाजू डिसेंबर 2022 मध्ये आणि दुसरी डिसेंबर 2023 मध्ये खुली झाली. मांडवीवरचा अटल सेतू मात्र राज्याच्या पायाभूत सुविधा विकास महामंडळामार्फत उभा राहिला आणि जानेवारी 2019 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आपल्या गावाजवळचा प्रस्तावित पूल महामार्गावर नसेल, तर पहिला नमुना आपोआप लागू होत नाही. अमुक रस्ता महामार्ग म्हणून घोषित करून घ्या, असा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. त्याने पैसा मिळू शकतो हे खरे, पण मग रुंदी, वळणे आणि बाजूच्या बांधकामांपासूनचे अंतर हे सगळे महामार्गाच्या मापाने ठरते, आणि ज्यांची घरे रस्त्याला लागून आहेत त्यांना हे उशिरा कळते.

महामंडळाच्या नावाने कर्ज काढणे हा पूर्वी सोयीचा मार्ग होता, कारण ते कर्ज अर्थसंकल्पात थेट दिसत नसे. 2022 पासून केंद्राने ती वाट अरुंद केली आहे: राज्याच्या तिजोरीतून फेडले जाणारे महामंडळांचे कर्ज आता राज्याच्याच कर्जमर्यादेत मोजले जाते. माझ्या मते ते बरेच झाले. कर्ज कुणाच्याही नावाने काढले तरी फेडायचे आपल्यालाच असते.

सध्या सर्वांत स्वस्त पैसा म्हणजे भांडवली खर्चासाठी केंद्र राज्यांना 2020-21 पासून देत असलेले, पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज. वरच्याच उदाहरणातले 800 कोटी असे मिळाले, तर वर्षाला सरासरी 16 कोटी फेडावे लागतील. 81 आणि 16 यांतला फरक इतका आहे की टोलचा प्रश्नच उरत नाही. अर्थात या योजनेतला मोठा हिस्सा राज्यांना केंद्रीय करांतील त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात मिळतो, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने गोव्याचा वाटा 0.386 टक्के होता. म्हणजे वर्षाला काही शे कोटी, आणि त्यावर शाळा, इस्पितळे, पाणीपुरवठा या सगळ्यांचा दावा. म्हणून पूल तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने बांधायचा आणि दर वर्षीच्या रकमेतला ठरावीक भाग त्यासाठी राखायचा, असेच करावे लागेल. उरलेली रक्कम इंधनावरील उपकरातून भरणाऱ्या केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीतून आणि, पूल ग्रामीण भागाला जोडणारा असेल तर, नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत सुविधा निधीतून घेता येते. खाणींच्या पैशाचीही आठवण कोणीतरी काढतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निवाड्यातून आलेला कायम निधी पुढच्या पिढ्यांसाठी आहे. त्याला हात लावू नये. जिल्हा खनिज निधीवर खाणग्रस्त गावांचा हक्क पहिला आहे, आणि पणजीची कोंडी सोडवण्यासाठी त्यांचे पैसे वापरणे मला पटत नाही.

फेडीसाठी लागणारे उत्पन्न, माझ्या मते, जमिनीतून यावे. पूल होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी पलीकडच्या काठावर जमिनीचे भाव चढतात. हा फायदा रोज पूल ओलांडणाऱ्या कारकुनाला मिळत नाही, तो ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळतो, आणि त्या माणसाने कदाचित तो पूल कधी ओलांडलेलाही नसतो. नव्या बांधकामांवर पायाभूत सुविधा कर घेण्याचा कायदा गोव्यात 2009 पासून आहे. पुलाच्या प्रभावक्षेत्रात त्याचा दर वाढवून, आणि जमिनीचा वापर-विभाग (झोन) बदलून घेणाऱ्यांकडून मिळणारे शुल्क त्याच खात्यात घालून, ही रक्कम केवळ त्या पुलाच्या फेडीसाठी बांधून ठेवता येईल. आज असे शुल्क सर्वसाधारण तिजोरीत जाते आणि तिथून ते कुठे गेले, हे कुणालाच सांगता येत नाही. याला विरोध होईल आणि तो टोलविरोधापेक्षा अधिक जोराचा असेल, कारण टोल भरणारे विखुरलेले असतात, पण मोठ्या जमिनींचे मालक एकमेकांना ओळखतात.

दुसरे उत्पन्न पणजीतल्या पार्किंगचे. वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येणाऱ्या राज्यात, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्या राजधानीच्या रस्त्यांवर दिवसभर उभ्या असतात. कॅसिनोंच्या जहाजांवर जाणाऱ्यांच्या गाड्या त्यात वेगळ्या. त्यांच्याकडून गर्दीच्या तासांना जरा भारी दर घेतला, तर पैसाही येतो आणि शहरात शिरणाऱ्या गाड्याही थोड्या कमी होतात. टोलने नेमके हेच होत नाही.

आता खर्चाबद्दल एक गोष्ट, जी सादरीकरणातल्या सुंदर चित्रांत दिसत नाही. अटल सेतूची लांबी सुमारे 5.1 किलोमीटर आहे. नदीवरचा भाग त्यातला थोडा, बाकी सगळे जोडमार्ग आणि उतार. मांडवीच्या काठी हे जोडमार्ग खाजनातून, म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून अडवलेल्या सखल शेतजमिनीतून जातात, आणि खाजनातली माती मऊ, पाण्याने भरलेली असते. पायासाठी भोक पाडून कॉंक्रीटचे खांब, म्हणजे पाइल, खडक लागेपर्यंत खाली न्यावे लागतात. जुन्या पद्धतीच्या कंत्राटात या कामाचे पैसे खोलीच्या मीटरमागे मिळतात. निविदेत वीस मीटर धरले आणि खडक अठ्ठाविसाव्या मीटरला लागला, की प्रत्येक पाइलमागे आठ मीटरचे जादा बिल येते. असे शंभर पाइल असले की अंदाजपत्रक कुठच्या कुठे जाते. कंत्राटदाराने फसवले असे यात असतेच असे नाही. पुष्कळदा आधी पुरेशा ठिकाणी बोअर घेऊन जमीन तपासलेली नसते, कारण तपासणीचे काही लाख वाचवायचे असतात. आरेखनापासून बांधणीपर्यंतची जबाबदारी ठरलेल्या एकरकमी भावात कंत्राटदारावर टाकणारी पद्धत म्हणूनच मला अशा जागी बरी वाटते; त्यात भाव सुरुवातीला चढा दिसतो, पण खोलीचा धोका सरकारच्या माथी राहत नाही. खाजनाचे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची ये-जा आवरणारी दारे, यांना धक्का लागला तर होणाऱ्या शेतीच्या नुकसानीचा खर्चही प्रकल्पातच धरला पाहिजे. जुवारीवरच्या बोरीच्या नव्या पुलाला लोटलीच्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो याच कारणाने.

देखभालीचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा काढून ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन. मांडवीवरचा पहिला पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तेव्हा त्याला बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत कॉंक्रीटच्या आतल्या पोलादी तारा गंजत गेल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षे लोकांनी फेरीबोटींतून नदी ओलांडली. अटल सेतूलाही पृष्ठभागाच्या दुरुस्तीसाठी 2023 मध्ये वाहतूक बंद ठेवावी लागली होती आणि त्या दिवसांत पर्वरीत जे झाले ते आम्ही पाहिले आहे. पूल बांधायला कर्ज मिळते, उद्घाटनाला मंत्री मिळतात. सांधे आणि बेअरिंग बदलायला मात्र पैसे मागावे लागतात.

पुलाने कोंडी खरोखर कमी होते का, हे आपण विचारलेले नाही, पण पैशाच्या प्रश्नाला ते चिकटलेले आहे. अटल सेतूने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी वाहतूक पणजीच्या डोक्यावरून नेली आणि त्याचा उपयोग झालाच. पण गर्दी पर्वरीत साठू लागली, आणि आता तिथे उन्नत महामार्गाचे काम निघाले आहे. ज्यांना पणजीतच उतरायचे आहे, त्यांच्यासाठी चौथा पूल म्हणजे त्याच चौकात पोहोचण्याची आणखी एक वाट. म्हणून ग्रामसभेत सविस्तर प्रकल्प अहवालाची प्रत मागा आणि त्यातली वाहन-मोजणी पाहा. किती वाहने पणजीत थांबतात आणि किती पुढे जातात हे त्यात वेगळे दाखवले आहे का, आणि मोजणी कोणत्या महिन्यात केली, ते तपासा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोजली असेल तर पर्यटकांच्या गाड्यांमुळे आकडा फुगलेला असेल, आणि त्या आकड्यावर बेतलेली टोलची किंवा कर्जफेडीची कोणतीही गणिते जुलै महिन्यात टिकणार नाहीत.